आमिषाचा जमाखर्च

अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन या राज्यात अस्वलांच्या शिकारीचा हंगाम ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी उघडतो. परंतु परवानाधारकाला त्याआधी ३० दिवसांपासूनच जंगलात आमिष मांडण्याची मुभा असते, आणि ही मुभा किती बारकाईने बांधलेली आहे हे तेथील नियमांचा मजकूर वाचू लागले की ध्यानी येते. मोटार जाऊ शकेल अशा वाटेपासून आमिष ५० यार्ड दूर हवे. राहत्या घरापासून, रहिवाशाची लेखी संमती नसेल तर, ५०० यार्ड दूर हवे. आणि मांडणाऱ्याचे नाव व पत्ता लिहिलेली दोन इंच रुंद व चार इंच लांब पट्टी त्या जागी टांगलेली हवी. विस्कॉन्सिन राज्यात एका ठिकाणी १० गॅलनांहून अधिक आमिष ठेवता येत नाही. ते पोकळ ओंडक्यात, बुंध्यात किंवा खड्ड्यात घालून, हरणांचे तोंड पोचणार नाही अशा रीतीने लाकडांनी वा दगडांनी झाकावे लागते, आणि त्यात मांस, मासळी वा हाडे चालत नाहीत. अलास्कात प्रत्येक जागेची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सावध करणारा फलक तेथे लावावा लागतो. ज्या गोष्टीला मृगया म्हणतात, साहस म्हणतात, पूर्वजांचा वारसा म्हणतात, तिला इतका कारकुनी जाबता का लागावा, असा प्रश्न या नियमावल्या वाचणाऱ्याच्या मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर सरळ आहे. आमिष मांडून अस्वल मारणे ही खेळाची बाब उरलेली नाही. ती कारभाराची बाब झाली आहे, आणि म्हणून तिचा न्यायनिवाडा कारभाराच्या कसोटीवर, म्हणजे कारण, पुरावा व हिशेब यांच्या कसोटीवर व्हावयास हवा.

हे पटण्यासाठी आमिषाचा प्रत्यक्ष व्यवहार जवळून पाहिला पाहिजे. जुन्या अनुभवी शिकाऱ्याची पहिली खटपट बंदुकीची नसते, ती मालाची असते. एक आमिष चालू ठेवायचे तर आठवड्यामागून आठवडे भरणा करावा लागतो. तेव्हा फुकट वा कवडीमोल भावात खाद्य कोठे मिळेल याची टेहळणी तो उन्हाळ्यातच सुरू करतो. बेकरीत विक्रीवाचून राहिलेले डोनट आणि केक, मिठाईच्या कारखान्यातील फुटका वा बेढब निघालेला माल, चित्रपटगृहातील उरलेल्या लाह्या, उपाहारगृहाच्या कढईतील जळके तेल, मुदत उलटलेले कुत्र्यांचे खाद्य, मळी, आणि जेथे कायद्याची आडकाठी नाही तेथे मासळीचा गाळसाळ किंवा बीव्हर नावाच्या पाणप्राण्याचे कलेवर, असा हा सरंजाम असतो. या मालाचा आता स्वतंत्र व्यापार झाला आहे, आणि पिंपेच्या पिंपे भरून तो विकणारे दुकानदारही आहेत. जागेची निवड त्याहून कसबाची असते. पाण्यालगतची, सूचिपर्णी झाडांची दाट व काळोखी राई, जेथून अस्वलाला उघड्यावर न येता आमिषापर्यंत पोचता येईल, आणि जेथे सायंकाळचा वारा मचाणाकडून आमिषाकडे न वाहता उलट दिशेने वाहील, ती जागा उत्तम समजली जाते.

मग ५५ गॅलनांचे लोखंडी पिंप साखळदंडाने झाडाला जखडतात, कारण मोकळे ठेवलेले पिंप अस्वल एका रात्रीत लोळवीत दूर नेते. पिंपाच्या अंगाला पंजा जाईल एवढे भोक पाडतात, म्हणजे खाद्य एकदम हाती न लागता मूठमूठ काढावे लागते आणि जनावर अधिक वेळ त्या जागी रेंगाळते. भोवतालच्या मातीवर तळणीचे तेल ओततात. यातील हिकमत अशी की ते तेल तळपायांना माखून अस्वल जेथे जेथे जाईल तेथे तेथे आपल्या मागे वासाची वाट आखीत जाते, आणि तिचा माग काढीत दुसरी अस्वले येतात; शिकाऱ्याने चार पावलेही न टाकता त्याची जाहिरात मैलोगणती जंगलात फिरते. दूरवर बोलावणे धाडायचे असेल तर मध जाळतात. लहानशा शेगडीवर पत्र्याच्या डब्यात मध ठेवला की तो आधी फेसाळतो, मग काळवंडतो, आणि शेवटी त्याचा जो दाट गोड धूर निघतो तो पानापानाला चिकटून बसतो. कोणी विलायती बडीशेपेचे तेल फडक्यावर शिंपडून ते उंच फांदीला बांधतात. भरणा रोज ठरावीक वेळी करतात, आणि काही जण त्या वेळी पिंपावर काठीचे ठोके देतात. शाळेच्या मधल्या सुट्टीच्या घंटेचे पोरांना जसे वळण पडते तसे मग त्या ठोक्यांचे अस्वलांना पडते. झाडाला बांधलेला स्वयंचलित कॅमेरा कोण, केव्हा आणि किती वेळ आले याची नोंद ठेवतो. हंगाम उघडेपर्यंत शिकाऱ्याच्या हाती येणाऱ्या पाहुण्यांचे जणू हजेरीपत्रकच तयार झालेले असते.

या पद्धतीच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे मुळीच नाही, आणि दयाबुद्धीच्या उमाळ्यात ते झटकून टाकणे अन्यायाचे होईल. मेनचे अरण्य इतके गच्च आहे की तेथे पायी हिंडून अस्वल दृष्टीस पडणे हा निव्वळ योगायोग. मचाणावरच्या माणसापासून पिंप १५-२० यार्डांवर असते. जनावर स्थिर उभे असते. घाईने झाडलेल्या गोळीने जखमी होऊन ते रानात तडफडत राहण्याचा संभव त्यामुळे कमी होतो. पिंपाची उंची ठाऊक असल्याने त्याच्याशी ताडून पाहून जनावराच्या मापाचा अदमास घेता येतो. कान लहान आणि एकमेकांपासून दूर भासले तर डोके मोठे, म्हणजे वयस्क नर. कान मोठे व उभे दिसले तर पोरसवदा जनावर. आणि एकटी मादी आली तरी तिची पिले मागे झाडावर चढून बसलेली असू शकतात, म्हणून जाणता शिकारी काही वेळ थांबून झाडीकडे पाहत राहतो. कुत्र्यांपुढे पळणाऱ्या किंवा झुडपांतून ओझरत्या दिसणाऱ्या अस्वलाच्या बाबतीत हा विवेक दाखवायला उसंत नसते. शिवाय एवढा खटाटोप करूनही मेनमध्ये आमिषावर बसणाऱ्या तीन-चार शिकाऱ्यांपैकी एखाद्यालाच अस्वल मिळते. तेव्हा पिंप मांडले की अस्वल खिशात, ही समजूत खरी नव्हे.

आमिषाविरुद्ध नेहमी पुढे केला जाणारा आक्षेप असा की ही लबाडी आहे. या आक्षेपामागे अमेरिकेतील एक मोठी परंपरा उभी आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला, आणि सावजाला निसटण्याची रास्त संधी दिली पाहिजे हा शिकारीचा धर्म त्या संस्थेने रूढ केला. पुढे १९०२ च्या नोव्हेंबरात, राष्ट्राध्यक्ष असताना, मिसिसिपीच्या रानात त्यांच्यापुढे एक अस्वल झाडाला बांधून उभे करण्यात आले, आणि असल्या असहाय जनावरावर गोळी झाडणे त्यांनी नाकारले. क्लिफर्ड बेरीमन यांच्या व्यंगचित्राने ही गोष्ट देशभर झाली आणि जगातील कोट्यवधी मुलांच्या उशाशी असलेले टेडी बेअर त्यातून जन्मास आले. ही कथा सांगताना तिचा उत्तरार्ध बहुधा गाळला जातो. रूझवेल्ट यांनी गोळी झाडली नाही खरी, पण ते जनावर कुत्र्यांशी झालेल्या झटापटीत जबर जखमी झालेले होते, आणि त्याला यातनांतून सोडवावे म्हणून त्यांच्याच आज्ञेवरून ते सुरीने मारण्यात आले. शिकाऱ्याची अब्रू राहिली. अस्वलाच्या नशिबात काडीमात्र फरक पडला नाही.

म्हणूनच रास्त संधीच्या युक्तिवादावर सर्व भिस्त ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. तो शिकाऱ्याच्या शीलाचा विचार करतो, आणि शील ही ज्याची त्याने सांभाळायची वस्तू आहे. सरकारने परवाना दिला की त्या व्यवहारात आणखी एक पक्षकार येतो, तो म्हणजे ज्याच्या मालकीचे ते अरण्य आहे तो सर्वसामान्य नागरिक. आणि त्याने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. तो विचारील की या खाद्यामुळे माझ्या अरण्याचे काय होते?

येथे आमिषवाद्यांची बाजू लंगडी पडू लागते. १९३५ साली अमेरिकेच्या संघ सरकारने पाणथळ जागी धान्य पसरून बदकांची शिकार करण्यास बंदी घातली, आणि ती आजतागायत अमलात आहे. दाणे टाकून गोळा केलेल्या बदकांवर गोळ्या झाडणे ज्या देशात गुन्हा ठरतो, त्याच देशाच्या अनेक राज्यांत डोनट टाकून बोलावलेल्या अस्वलावर गोळी झाडणे कायदेशीर ठरते. अलास्कातील विसंगती याहून ठसठशीत आहे. तेथे अस्वलाला हेतुपुरस्सर खाऊ घालणे, किंवा ते येईल अशा बेफिकिरीने कचरा वा अन्न उघडे टाकणे, हा अपराध आहे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल शेवटी माणसाच्याच बंदुकीने मरते, हे त्यामागचे कारण तेथील शाळकरी मुलालाही पाठ असते. परंतु त्याच नियमावलीत परवानाधारकाच्या आमिषाला सूट आहे. कचऱ्याच्या डब्यातला पाव आणि पिंपातला पाव यांतला भेद अस्वलाने कोणत्या कागदावरून ओळखावा, याचा खुलासा कोठे आढळत नाही.

आमिषामुळे अस्वले वस्तीकडे वळतातच, असे मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मिनेसोटातील संशोधक लिन रॉजर्स यांनी जंगलात मुद्दाम अन्न पुरवल्यास वस्तीतील उपद्रव कमी होतो असे प्रतिपादन केले आहे, आणि त्यांच्या मताला विरोध करणारे तज्ज्ञही पुष्कळ आहेत. परंतु दुसरा एक परिणाम याहून निश्चित आहे, आणि तो समजण्यासाठी या प्राण्याचा शरीरधर्म लक्षात घेतला पाहिजे. शीतनिद्रेपूर्वीच्या शरद ऋतूत काळे अस्वल अहोरात्र खात सुटते. दिवसाला २० हजार कॅलरींपर्यंत त्याची मजल जाते. मादीचा समागम उन्हाळ्याच्या आरंभी होतो, पण गर्भ कित्येक महिने गर्भाशयात रुजतच नाही. नोव्हेंबरच्या सुमारास अंगावर पुरेशी चरबी साठली असेल तरच तो रुजतो आणि जानेवारीत गुहेत पिले जन्मतात. चरबी कमी पडली तर त्या वर्षी पाळणा हलत नाही. बीच आणि ओक या वृक्षांची फळे ज्या वर्षी रुसतात त्या वर्षी जन्म घटावेत, अशी निसर्गाचीच ही तजवीज आहे. नेमक्या अशा दुष्काळी वर्षी अस्वले आमिषावर अधिक येतात, आणि बीच फळांनी लगडलेला असला की तीच पिंपाकडे पाठ फिरवतात, हा मेनमधील शिकाऱ्यांचा जुना अनुभव आहे. याचा अर्थ असा की अरण्याने हात आखडता घेतला की माणसाचे पिंप ती उणीव भरून काढते. विस्कॉन्सिनमध्ये झालेल्या एका अभ्यासात तेथील अस्वलांच्या आहारातील ४० टक्क्यांहून अधिक भाग मनुष्याने पुरवलेल्या खाद्याचा आढळला, आणि त्यात मुख्य वाटा आमिषाचा होता.

आता हिशेब मांडून पाहावा. पिंपावर येणाऱ्या अस्वलांपैकी थोडी मारली जातात; बाकीची खाऊन, धष्टपुष्ट होऊन निघून जातात, आणि त्यांतल्या माद्या पुढील जानेवारीत पिले घालतात. अस्वलांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी आमिष अपरिहार्य आहे, हा वनखात्यांचा मुख्य दावा. पण ज्या साधनाने संख्या घटवायची तेच साधन तिला खतपाणी घालीत असेल, तर वजाबाकी किती आणि बेरीज किती हे त्या खात्याने दाखवून देणे क्रमप्राप्त आहे. जमेची बाजू मोठ्याने वाचायची आणि खर्चाची बाजू मिटून ठेवायची, असा जमाखर्च कोणताही लेखापरीक्षक मान्य करणार नाही.

खर्चाच्या बाजूला आणखी दोन रकमा आहेत. २०१४ साली न्यू हॅम्पशायर राज्यात एका आमिषाजवळ दोन माद्या आणि दोन पिले मरून पडलेली सापडली. अंगावर गोळीची खूण नव्हती. पिंपातील चॉकलेटमधल्या थिओब्रोमीन या द्रव्याने त्यांना विषबाधा झाली होती. त्या राज्याने पुढे आमिषात चॉकलेट घालण्यास मनाई केली, मिशिगननेही केली. दुसरी रक्कम २००७ सालची. आयडाहोतील बिटररूट पर्वतांच्या मुलखात १९४६ नंतर ग्रिझली अस्वल असल्याचा खात्रीचा पुरावा मिळालेला नव्हता. साठ वर्षांनी तो मिळाला तो मृतदेहाच्या रूपाने, कारण आमिषावर आलेले हे जनावर काळे अस्वल समजून एका शिकाऱ्याने मारले होते. मचाणावरून निवांत पारख करता येते हा युक्तिवाद मी वर मान्य केला आहे. परंतु ज्या मुलखात दोन जातींची अस्वले वावरतात तेथे त्या निवांत पारखीवर एका दुर्मीळ जातीचे पुनरागमन टांगून ठेवणे ही जोखीम अवाजवी आहे.

या प्रश्नाचा निकाल अमेरिकेत अनेक ठिकाणी मतपेटीने लावला गेला. १९९२ साली कोलोराडोच्या मतदारांनी आमिष, शिकारी कुत्रे आणि वसंतातील अस्वलांची शिकार या तिन्ही गोष्टी सुमारे ७० टक्के मतांनी बंद केल्या. १९९४ मध्ये ओरेगनने आणि १९९६ मध्ये वॉशिंग्टन व मॅसॅच्युसेट्स राज्यांनी तोच मार्ग धरला. उलट १९९६ मध्ये आयडाहो व मिशिगन, २००४ मध्ये अलास्का, आणि २००४ व २०१४ अशा दोन वेळा मेन, येथील मतदारांनी बंदी नाकारली. मेनमध्ये दोन्ही वेळा बंदीच्या विरोधकांची सरशी सुमारे ५३ टक्के मतांनी झाली. २०१४ च्या लढतीत तर तेथील वन्यजीव खाते स्वतःच प्रचारात उतरले आणि त्याचे अंमलदार जाहिरातींतून बंदीविरुद्ध बोलू लागले. जे खाते परवाने देते, आकडे ठेवते आणि नियमही अमलात आणते, त्यानेच एका पक्षाचे वकीलपत्र घ्यावे, हे मला प्रशस्त वाटत नाही. मात्र बंदीवाल्यांचा जयजयकार करण्यासही माझे मन धजत नाही. एकीकडे गोंडस पिलांची छायाचित्रे आणि दुसरीकडे अंगणात शिरलेल्या अस्वलाची भीती, यांच्या झुंजीत ज्या बाजूचे पारडे जड होईल तिच्या मताने अरण्याचे धोरण ठरावे, हा लोकशाहीचा विजय असेल, विवेकाचा असेलच असे नाही. कोलोराडोच्या अनुभवाने एवढे मात्र सिद्ध केले की आमिष बंद झाले म्हणजे शिकार बुडते ही भीती सर्वत्र खरी नाही. बंदीनंतर तेथे परवानेही वाढले आणि मारल्या जाणाऱ्या अस्वलांची संख्याही. कोलोराडोच्या उघड्या डोंगरउतारांचा हा न्याय मेनच्या गच्च रानाला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण तो का लावता येत नाही हे सांगण्याचा भार आमिष मागणाऱ्यावर आहे.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, आमिष हा शब्द आज शिकाऱ्याच्या तोंडी राहिलेला नाही. रेडकू बांधून मचाणावर बसणारे साहेब आणि संस्थानिक इतिहासजमा झाले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हा अध्याय मिटवला. परंतु आमिष गेले नाही. ते वनखात्याच्या हाती गेले. जुन्नर तालुक्यातील उसाच्या फडाच्या कडेला वनखात्याचा पिंजरा लागतो, तेव्हा त्याच्या मागच्या कप्प्यात, जाळीपलीकडे, शेळी ठेवलेली असते, आणि बिबट्या तिच्या वासाने आत शिरला की दार पडते. वासाने बोलावून धरण्याची युक्ती मेनमधल्या पिंपाचीच आहे. फरक आहे तो कागदाचा. अधिनियमाच्या कलम ११ अन्वये अशा संरक्षित प्राण्यावर हात टाकण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाचा सकारण लेखी हुकूम लागतो, आणि प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलवणे अशक्य असल्याची त्याची खात्री पटल्याशिवाय ठार मारण्याचा हुकूम निघू शकत नाही. अंमलबजावणीत आपण कोठे कोठे घसरतो याची यादी लांबलचक होईल. जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडल्यानंतर माणसांवरील हल्ले उलट वाढले, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने आपल्याच पदरात घातलेले माप आहे. तथापि तत्त्व योग्य आहे. वन्य जनावराला अन्न दाखवून बोलावणे ही इतकी गंभीर गोष्ट आहे की तिचे कारण लिहून द्यावे लागले पाहिजे, आणि परिणाम मोजून दाखवावा लागला पाहिजे. तो अभ्यास झाला म्हणूनच आपली चूक आपल्याला कळली.

मेन, विस्कॉन्सिन वा अलास्का यांच्याकडून याहून अधिक मागण्याचे कारण मला दिसत नाही. संख्यानियमन हा हेतू असेल तर दर हंगामापूर्वी कोणत्या विभागात किती अस्वले आहेत, किती कमी करावयाची आहेत, आणि ती अन्य उपायांनी का होत नाहीत, हे जाहीर करावे. किती गॅलन खाद्य जंगलात गेले आणि त्याचा जन्मदरावर काय परिणाम झाला याची मोजणी त्रयस्थांकडून करवावी. चॉकलेटसारख्या घातक वस्तूंना सर्वत्र मज्जाव असावा, आणि ग्रिझलीच्या मुलखात आमिष मुळीच नसावे. अलास्कातील राष्ट्रीय राखीव अरण्यांत आमिषाची मनाई अमेरिकेच्या संघ सरकारने २०१५ साली केली, २०२० मध्ये उठवली आणि २०२४ मध्ये पुन्हा आणली. राजधानीतील सत्तांतराबरोबर बदलणारा असला नियम शास्त्राच्या आधारावर उभा आहे असे कोणी म्हणणार नाही, तेव्हा त्या प्रश्नाचाही निर्णय या हिशेबानेच व्हावा. दूरदूरच्या शहरांतून येणाऱ्या शिकाऱ्यांना मचाणावर बसवून पोट भरणारे वाटाडे यावर कुरकुर करतील, आणि त्यांची अडचण खोटी नाही. खेड्यापाड्यांतील कित्येक घरांची चूल या हंगामावर पेटते. पण चुलीसाठी धोरण ठरवायचे असेल तर तसे उघड म्हणावे, अस्वलांच्या संख्येचा आडपडदा घेऊ नये.

आमिषाने मारलेल्या अस्वलाचे मांस खाणाऱ्याशी माझे भांडण नाही, आणि थंडीवाऱ्यात तासन् तास मचाणावर बसणाऱ्याच्या चिकाटीला मी नावे ठेवीत नाही. माझी तक्रार परवाना देणाऱ्याशी आहे. ज्या राज्याला वरचा हिशेब चोख देता येत असेल त्याने आमिष खुशाल वापरावे आणि त्याला पराक्रमाचे नाव न देता नियमनाचे नाव द्यावे. ज्याला तो देता येत नसेल त्याने पुढच्या जनमतकौलाची वाट न पाहता आपल्या जंगलातली पिंपे स्वतःच उचलावीत.